कुळाचा शोध : वही, मूर्तिलेख आणि डीएनए

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका प्रकाशित होत आहे. पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेताना त्यामागील शे-दीडशे वर्षांकडे दृष्टी वळणे स्वाभाविक होय. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या सोनाळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत आपले पूर्वज कोठून आले, का आले, कोणाच्या आधाराने स्थिरावले, हे प्रश्न पूर्वी ओसरीवर बसलेल्या आजोबांना विचारले जात. आज ते विचारणारी नातवंडे पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत आणि त्यांच्या हाती एक नवे साधन आले आहे. लाळेचा नमुना एका छोट्या नळीत भरून पाठविला की काही आठवड्यांत आपल्या पूर्वजांचा वृत्तांत मिळतो, असे त्यांना सांगितले जाते.

या नव्या साधनाविषयी समाजात कुतूहल आहे, तशा शंकाही आहेत. परंपरेने चालत आलेली वंशावळ आणि डीएनए चाचणी यांपैकी कोण काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही आणि दोहोंचा उपयोग कोणत्या भावनेने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परंपरा लिहून ठेवण्याची

आपल्या पूर्वसूरींची नोंद ठेवणे हे जैन समाजाला नवे नाही. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना त्यातील स्थविरावली परिचित आहे. भगवान महावीरांनंतरच्या आचार्यांची परंपरा, त्यांचे गण, कुल आणि शाखा तीत दिल्या आहेत. ही यादी कितपत विश्वसनीय, असा प्रश्न पाश्चात्त्य पंडितांना पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मथुरेच्या कंकाली टीला येथे कुषाणकालीन मूर्ती सापडल्या. त्यांच्या पादपीठांवरील लेखांत स्थविरावलीतलीच गण-कुलांची नावे आहेत, हे जर्मन पंडित ब्यूलर यांनी दाखवून दिले. ग्रंथातील परंपरेला दगडाची साक्ष मिळाली.

या लेखांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मूर्ती अर्पण करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे; अमक्याची कन्या, तमक्याची सून, अमक्याची माता असा त्यांचा उल्लेख येतो. पुढे मध्ययुगातील धातुप्रतिमांवरही संवत, मास, तिथी, ज्ञाती, गोत्र, श्रावकाचे नाव, त्याच्या भार्येचे नाव, पुत्रांची नावे आणि प्रतिष्ठा करणारे आचार्य वा भट्टारक असा क्रम सर्रास आढळतो. भाटांच्या वह्यांत बहुधा पुरुषांचीच साखळी असते. मूर्तिलेखात मात्र घरातील स्त्रीही नावानिशी भेटते. पूरणचंद नाहर यांनी असे लेख जमवून ‘जैन लेख संग्रह’ प्रसिद्ध केला, त्याचा पहिला भाग १९१८ मध्ये निघाला. पुढे अगरचंद व भंवरलाल नाहटा यांनी बीकानेरच्या लेखांचा मोठा संग्रह सिद्ध केला.

कविवर बनारसीदासांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ लिहिले, तेव्हा आरंभीच आपल्या कुळाची हकीकत दिली. आपण श्रीमाळ, गोत्र बिहोलिया. रोहतकजवळील बिहोली गावचे मूळचे राजपूत पूर्वज गुरूच्या उपदेशाने जैन झाले, असे ते सांगतात. गोत्राच्या नावात गाव आणि त्या गावात धर्मस्वीकाराची घटना, असा हा मागोवा आहे. ओसवालांची परंपरा ओसियाँ नगरी आणि आचार्य रत्नप्रभसूरी यांच्याशी जोडली जाते, तर अनेक गोत्रांचे श्रेय दादागुरू जिनदत्तसूरी (१०७५–११५४) यांना दिले जाते.

वऱ्हाडात आगमन

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) तेथील कापूस बंद झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाच काढण्यात आला. दुसरीकडे राजस्थानात दुष्काळामागून दुष्काळ पडत होते. त्यातील संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. एका बाजूला उपासमार आणि दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, अशा स्थितीत लोटा-दोरी घेऊन माणसे निघाली. आधी ओळखीच्या पेढीवर मुनीम वा गुमास्ता म्हणून राहावयाचे, मग स्वतःचे दुकान टाकावयाचे आणि जम बसल्यावर कुटुंब आणावयाचे, हा त्या काळचा सर्वसाधारण क्रम होता.

परंतु वऱ्हाडातील सर्वच जैन या लाटेबरोबर आले असे नव्हे. कारंजा (लाड) येथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि बघेरवाल कुटुंबे तेथे कित्येक शतके नांदत आहेत. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला. असे लेख आणि प्रशस्ती एकत्र वाचल्या म्हणजे केवढा इतिहास उभा राहतो, हे त्यावरून कळते. चितोडगडावर आदिनाथांना अर्पण केलेला सुमारे २२ मीटर उंचीचा जैन कीर्तिस्तंभ आहे. तो बघेरवाल श्रेष्ठी जीजा याने उभारला. याच जीजाच्या कार्याचे आणि वंशाचे स्मरण कारंज्याच्या पंधराव्या शतकातील एका मूर्तिलेखात केलेले आढळते. मेवाडातील स्तंभ आणि वऱ्हाडातील मूर्ती यांच्यामधील शेकडो कोसांचे अंतर त्या लेखाच्या काही ओळींनी जोडले. वंशसंशोधनाचे याहून उत्तम उदाहरण आपल्या जवळपास मिळणार नाही.

आपल्या घरातील साधने

आता सामान्य कुटुंबाने शोध कोठून सुरू करावा, हे पाहू. पहिले साधन म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी, आणि त्यांतही स्त्रिया. ओसवालांत व इतरही ज्ञातींत विवाह ठरविताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची रीत होती. त्यामुळे कोणाचे माहेर कोठले, आजोळ कोणते, हे आजीला मुखोद्गत असे. ही रीत शिथिल झाली आणि तिच्याबरोबर ते ज्ञानही विरत चालले आहे.

दुसरे साधन चोपडे. रोजमेळ आणि खातेवह्या यांत केवळ देवघेव नसते. मुलाच्या लग्नाचा खर्च, तीर्थयात्रेचा खर्च, गावाकडे पाठविलेली हुंडी, बहिणीला दिलेली भेट यांच्याही नोंदी असतात. मारवाडातील कोणत्या गावी पैसे जात होते, हे हुंडीवरून कळले की मूळ गाव सापडते. अडचण लिपीची आहे. जुने चोपडे महाजनी अर्थात मुडिया लिपीत असतात आणि तीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असतात. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. सरकारी व देवघेवीचे जुने मराठी कागद मोडीत आहेत. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दफ्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची उणीव सर्वांनाच जाणवली. मुडिया वाचणारे तर त्याहून विरळ आहेत.

तिसरे साधन मूळ गावच्या भाटांच्या वा कुलगुरूंच्या वह्या. पूर्वी ही मंडळी यजमानांच्या गावोगाव फिरून नवजात बालकांची नावे वहीत चढवीत. ज्यांच्या घरी ते येणे थांबले, त्यांची साखळी त्या पिढीवर तुटली. अशा वहीतील अगदी प्राचीन पिढ्या श्रद्धेने ऐकाव्यात, परंतु पाच-सात पिढ्यांची नावे चोपडे व मूर्तिलेख यांच्याशी ताडून पाहावीत.

चौथे साधन सरकारी कागद. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, खरेदीखते आणि जमिनीच्या हक्काची कागदपत्रे यांत नाव, वडिलांचे नाव, जात आणि गाव मिळते. येथे एक स्थानिक बाब लक्षात ठेवावी. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते बुलढाणा जिल्ह्याला जोडले गेले. संग्रामपूर तालुका तर बराच नंतरचा. म्हणून सोनाळा परिसराचे १९०५ पूर्वीचे दफ्तर शोधताना अकोल्याकडेही चौकशी करावी लागते.

तारखा वाचतानाही सावधगिरी हवी. मारवाडात विक्रम संवत चैत्रापासून बदलतो, गुजरातेत कार्तिकापासून. संवत १९५६ चा भाद्रपद मारवाडी वहीत असेल तर ते १८९९ साल, आणि गुजराती वहीत असेल तर १९०० साल होय. शिवाय मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिकडचा ज्येष्ठ वद्य पक्ष हा आपला वैशाख वद्य पक्ष ठरतो. एवढ्याशा फरकाने बापाच्या आधी मुलाचा जन्म झाल्यासारखे दिसू शकते.

डीएनए काय सांगतो

डीएनए म्हणजे शरीरातील प्रत्येक पेशीत असलेली आनुवंशिक लिपी. ती आपल्याला निम्मी पित्याकडून आणि निम्मी मातेकडून मिळते. तिच्यातील ‘वाय’ गुणसूत्र केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते, तर मायटोकाँड्रियातील डीएनए केवळ मातेकडून अपत्यांकडे. गोत्राचा प्रवास ‘वाय’ गुणसूत्रासारखा आहे. दोघे समगोत्री एकाच पुरुषाचे वंशज आहेत काय, हे त्यावरून पडताळता येते. उरलेल्या डीएनएवरून जवळचे आप्त ओळखता येतात. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी आठवा हिस्सा समान असतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा; तेलाचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांमुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला. केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची गावांवरून पडलेली आडनावे. नौका फुटून अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या यहुदी कुटुंबांचे आपण वंशज आहोत, अशी त्यांची परंपरा. परंतु लिखित पुरावा नव्हता. २०१६ साली या समाजातील १८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आढळला आणि हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. यहुदी अंश अधिककरून पुरुषांकडून, तर स्थानिक अंश स्त्रियांकडून आलेला दिसला. परंपरा खरी ठरली, पण तिने न सांगितलेल्या कोकणी मातांचीही साक्ष मिळाली. मात्र त्या नौकेतील एकाचेही नाव डीएनए सांगू शकला नाही.

ही मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. चाचणी आपल्याला नाव, गाव, तिथी देत नाही. कंपनीकडील अन्य ग्राहकांच्या नमुन्यांशी तुलना करून ती अंदाज बांधते. आपल्या ज्ञातीतील फारच थोड्यांनी चाचणी केली असेल तर अंदाजही मोघम येतो. दहा पिढ्या मागे गेलो तर आपल्याला १०२४ पूर्वजांची स्थाने मिळतात. त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पूर्वजांचा डीएनए आपल्यात एका कणानेही उरलेला नसतो. तरीही ते आपले पूर्वज असतातच. आणि ज्या गोत्राचा आपण अभिमान बाळगतो, ते या १०२४ पैकी एकाच पुरुषाकडून आलेले असते.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र हे शास्त्र मोलाचे आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व के. थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवून दिले की, अनेक भारतीय ज्ञाती थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढल्या आणि दीर्घकाळ आपापसांतच विवाह करीत राहिल्या. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ गटांपैकी ८१ गटांत हा परिणाम विशेष तीव्र आढळला. अशा गटात एखादा सदोष जनुक दोन्ही पालकांकडून येण्याचा संभव वाढतो. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांनी १९९० च्या दशकात अग्रवाल समाजातील मुलांत मेंदूच्या श्वेतद्रव्याचा एक दुर्मीळ आजार नोंदविला. त्यामागे ‘एमएलसी१’ जनुकातील एकच समान बदल असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक असतो. गोत्र टाळल्याने हा धोका पूर्णपणे टळत नाही, कारण सदोष जनुक गोत्रापुरता नसून साऱ्या ज्ञातीत पसरलेला असू शकतो. म्हणून आपल्या परिचय मेळाव्यांत पत्रिकेबरोबर थॅलेसेमियासारख्या तपासण्यांचा आग्रह धरणे हे कुळाच्या हिताचेच आहे. त्यात कोणत्याही ज्ञातीला कमीपणा नाही. असे काही ना काही प्रत्येक समाजात असते.

चाचणीपूर्वी आणखी एक विचार करावा. आपला डीएनए हा केवळ आपला नसतो, भाऊ-बहिणींचा आणि मुलांचाही असतो. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकान उठले तर वह्यांचे काय होते, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको. घरातील सर्वांच्या संमतीनेच असे पाऊल उचलावे.

दत्तक आणि कुलमद

डीएनए आणि वही यांचा जेथे विरोध येऊ शकतो, ते स्थळ म्हणजे दत्तक. व्यापारी घराण्यांत दत्तकाची चाल मोठी होती. निपुत्रिक जैन विधवेस पतीच्या अनुज्ञेवाचून दत्तक घेता येतो, ही रूढी १८७८ साली शिवसिंह राय विरुद्ध दाखो या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केली. किती पेढ्या, किती मंदिरे अशा दत्तक पुत्रांनी चालविली असतील! उद्या एखाद्या घराची चाचणी झाली आणि ‘वाय’ गुणसूत्र समगोत्रींशी जुळले नाही, तर त्याने घाबरून जाण्याचे वा कोणाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. ज्याने घर सांभाळले, ज्याने चोपडा पुढे चालविला, तो त्या कुळाचाच. गोत्रांच्या उत्पत्तीकथाही हेच सांगतात. निरनिराळ्या वंशांतील माणसे गुरूच्या उपदेशाने एका संघात आली. संघ रक्ताने नव्हे, श्रद्धेने बांधला गेला.

आपल्या शास्त्राने या विषयात पूर्वीच सावध केले आहे. आठ कर्मांमध्ये गोत्रकर्म आहे. उच्च-नीच कुळात जन्म हे कर्माचे फळ आहे, आत्म्याचा स्वभाव नव्हे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात जे आठ मद सांगितले आहेत, त्यांत कुलमद आणि जातिमद हे दोन आहेत. तेव्हा कुळाचा शोध घ्यावयाचा तो मोठेपणा मिरविण्यासाठी नव्हे. अनोळखी मुलखात येऊन, भाषा शिकून, गावकऱ्यांचा विश्वास संपादून ज्यांनी आपल्याला येथे उभे केले, त्यांच्या ऋणाचे स्मरण राहावे यासाठी.

सुवर्णमहोत्सवी वर्षातील कर्तव्य

एक गोष्ट शेवटी आग्रहाने मांडावीशी वाटते. डीएनए चाचणी आज झाली काय अथवा वीस वर्षांनी झाली काय, नातवाच्या रक्तात जे आहे ते तसेच राहील. परंतु माळ्यावरचे चोपडे वाळवीच्या तोंडी आहेत, वाडे विकले जाताना ते रद्दीत जातात, धातुप्रतिमांवरील अक्षरे रोजच्या प्रक्षालाने झिजत आहेत, आणि चार गोत्रे तोंडपाठ असणाऱ्या आजी दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून आधी कागद आणि माणसे, मग चाचणी, असा क्रम ठेवावा.

ट्रस्टने या वर्षी समाजाची एक वंशनोंदवही सुरू करावी, अशी नम्र सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने निदान चार पिढ्यांची माहिती द्यावी. तीत सुनांचे माहेर व गोत्र, लेकींची सासरची नावे आणि दत्तकविधान यांचा मोकळेपणाने उल्लेख असावा. मंदिरातील व गृहचैत्यातील मूर्तिलेखांची, तसेच जुन्या चोपड्यांच्या पहिल्या-शेवटच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. वाचता आले नाही तरी हरकत नाही. वाचणारा पुढे मिळेल, पण पान उरले पाहिजे. ट्रस्टची स्वतःची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, पावतीपुस्तके आणि बोलींच्या याद्या हेदेखील मौल्यवान साधन आहे. त्यांत अशी कित्येक नावे असतील, जी आज अन्यत्र कोठेही लिहिलेली नाहीत. दोन-तीन तरुणांनी मोडी आणि मुडिया शिकण्याचे मनावर घेतले, तर सोनाळ्याचेच नव्हे, साऱ्या पंचक्रोशीचे काम होईल.

आगामी दिवाळीस नव्या वहीचे पूजन होईल, तेव्हा जुन्या वह्याही माळ्यावरून खाली आणाव्यात, धूळ झटकावी आणि घरातील मुलांना त्यांतील एक तरी नाव वाचून दाखवावे. पूर्वजांच्या पुण्याईने आपल्या ट्रस्टचे कार्य शतकमहोत्सवापर्यंत आणि त्याही पुढे असेच वृद्धिंगत होवो, हीच वीरप्रभूंच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!